भरलेली बाटली

गाडेकर साहेब, नमस्कार.

राजीनाम्यात मी 'घरगुती अडचण' लिहिल्तं, ते खोटं होतं. घरी काहीच अडचण नव्हती. अडचण तुमच्या टेबलावर होती, बायकांच्या संडासाची चावी. ती मागायची म्हणजे सगळ्या गडीमाणसांपुढं तुमचं ऐकायचं, "सकाळीच तर गेल्त्या ना, बाई?" मंग मी कामावर पाणी पिणंच सोडलं. घरून नेलेली बाटली भरलेलीच परत यायची. दुपारी डोकं गरगरायचं, पाकिटात बियाणं कमी-जास्त पडायचं आन् तुम्ही म्हणायचे, "दैवशालाबाई, कामात लक्ष न्हाई तुमचं." बराबर होतं साहेब. लक्ष घड्याळाकडं असायचं.

आता जालन्यातच दुसऱ्या कंपनीत लागले. पगार तेवढाच हाये, पण संडासाला आतून कडी हाये आन् कुणाला काही मागावं लागत न्हाई. पाकिटंबी चुकत न्हाईत.

हे पत्र मी टाकणार न्हाई. माझ्या शेजारी बसायची ती बेबीनंदा अजून तुमच्याकडंच हाये, राग तिच्यावर निघंल.

काल डबा धुताना पोरगी म्हणली, "मम्मी, बाटली रिकामी कशी? सांडली का?"

म्हणलं, "न्हाई गं, पिले."

तुमच्याकडून सुटलेली,
दैवशाला