भर दुपारी हरवलेले पडसाद

१८ फेब्रु.
समुद्रपूर. गच्चीवर तार ताणून झाली, मशीनला जोडली. दूरच्या केंद्रावरून आकाशात सोडलेल्या रेडिओ लहरी वातावरणाच्या उंच विद्युतभारित थरावर, आयनांबरावर, आपटून परत येतात, ते पडसाद आता आमच्या घरी. बाळंतपणाच्या रजेत नागपूरच्या प्रयोगशाळेचं एवढं काम इथून कर, ही कल्पना सरांची. सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, ठीक, पण मैत्री झोपेतून उठली का खाली येजो.

२३ फेब्रु.
खरखर फार. शोधता शोधता टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची निघाली. सासूबाईंनी आपणहून दुपारची मालिका सोडली. पडद्यावरची रेघ एकदम स्वच्छ. पोरीला मांडीवर घेऊन बघत बसले. किती महिन्यांनी असं काम... असो.

२ मार्च
जेवणाच्या वेळी पडसाद गेले. आधी कमी वारंवारितेच्या लहरींचे, मग सगळेच. वाटलं, तार तुटली. विनय शाळेतले तास घेऊन जेवायला आला होता, नवऱ्याला ताटावरून उठवून गच्चीवर पाठवलं. तार जागेवर. “जेवू तं देशील?” म्हणाला. चिडला होता. तोवर पडसाद आपोआप परत यायला लागले, जास्त वारंवारितेच्या लहरींचे आधी. मशीन बिघडलं असेल तर सरांना काय सांगू?

३ मार्च
सरांचा फोन. मशीन ठणठणीत. सूर्यावर भडका उडाला होता. तसं झालं की आयनांबराचा खालचा थर दाट होतो, लहरी गिळून टाकतो. थोड्या वेळात सगळं पूर्ववत. नागपूरला नेमकी वीज गेलेली. पूर्ण नोंद फक्त आमची!
विनयला सांगितलं. “म्हंजे सूर्यानं माह्यं जेवण थंडं केलं,” म्हणाला. खूप हसलो.

९ मार्च
सर म्हणतात, रजा संपली की याच विषयावर पूर्ण वेळ काम कर. म्हणजे नागपूरला राहणं. विनयची शाळा इथे. त्याला सांगितलं, तर तो वह्या तपासायला बसला.
सासूबाई पोळ्या लाटत होत्या. न विचारता म्हणाल्या, “तू जाजो. पोरीले सांभाळाले मी बी येईन.”
मग विनयचं काय, मी विचारलं.
“त्याले पोळ्या येतात.”

१२ मार्च
सकाळी मैत्रीला तेल लावताना विनय म्हणाला, रविवारी नागपूरला जाऊन सरांना भेटू. म्हणजे होय का? तर म्हणे, “भेटू म्हणलं. मंग पाहू.”
सासूबाईंनी पोरीची दुपटी धुवून वाळत घातली, सगळीच्या सगळी. रविवार अजून लांब आहे.