शिशाची पेटी

आप्पा, परवा त्या जुन्या विलायती गाडीची बॅटरीची पेटी मी पुन्हा उघडली. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. ती गाडी कॅम्प चारच्या बाजारातल्या माझ्या गाळ्यात पहिल्यांदा आली त्याला आणखी तीनेक वर्षं जास्त. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं आणि माझं दुकान इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर चालायचं. आयटीआय करून बाईनं बॅटरीचं दुकान टाकलंय हे लोकांच्या पचनी पडत नव्हतं. दारातून डोकावून मलाच विचारायचे, मेकॅनिक कुठंय म्हणून. अशात मार्केटमधल्या एका बड्या शेठनी आपल्या वडिलांची ती विलायती गाडी विश्वासानं माझ्या हाती दिली आणि मी तिची वाट लावत होते. मागच्या सीटखाली बॅटरी ठेवायला पत्र्याची पेटी होती. ती सडली म्हणून मी नवी बसवली, तीही वर्षभरात सडली. मग जाड पत्र्याची केली, तीन हात रंग मारला, तर तिचाही खालचा सांधा ॲसिडनं खाल्ला. शेठ चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "बेटी, ये मेरे पिताजी की निशानी है. तुझसे नहीं होता तो बोल दे, मी पुण्याला नेतो." शेठचा शब्द सगळ्या मार्केटमध्ये चालायचा. गाडी पुण्याला गेली असती तर माझ्या दुकानाची पायरी पुन्हा कुणी चढलं नसतं.

रविवारी बेलवलीच्या घरी जेवताना मी हे रडगाणं आईपुढं गायले, तुमच्यापुढं नाही. तुम्ही रिटायर होऊन घरी बसला होतात. अंबरनाथच्या एमआयडीसीत सत्तावीस वर्षं तुम्ही ॲसिडच्या टाक्यांना आतून शिशाचं अस्तर लावलंत, मग प्लास्टिकच्या टाक्या आल्या आणि ते काम संपलं. गाडीच्या पेटीशी त्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "पत्र्याचा काय दोष? ॲसिडला पत्रा म्हणजे पापड." हात धुऊन उठलात आणि फडताळातल्या डब्यातून गॅसचा एक बारीक नोझल काढलात, आईच्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला. मी मनात म्हटलं, झालं, आता म्हातारबुवा दुकानात येणार.

आलातच. पहिल्या दिवशी तुम्ही शिशाला हातही लावत नाही. पेटीखालची गाडीची जागा खायच्या सोड्याच्या पाण्यानं धूत बसता, फेस यायचा थांबेपर्यंत. दुसऱ्या दिवशी नव्या पेटीच्या मापाचा लाकडी ठोकळा करून त्यावर शिशाचा पत्रा बसवायला घेता. मला कोपरे कापायची घाई. तुम्ही लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकून ते वळवता आणि म्हणता, कापलं की सांधा आला, सांधा आला की भीती आली. जिथं सांधा टळतच नाही तिथं शिसं चकचकीत होईतो खरवडता. शेजारच्या वेल्डरच्या गॅसला तुमचा नोझल लावता आणि काडीएवढ्या ज्योतीनं शिशाच्या पट्टीचा एकेक थेंब असा सोडता, की मागच्या थेंबावर पुढचा अर्धा बसतो, माशाच्या खवल्यासारखा. ज्योत क्षणभर जास्त थांबली तर पत्र्याला भोकच. तो वेल्डर स्वतःचं काम टाकून बघत उभा राहिला होता. मला इतका अभिमान वाटला, आप्पा, की त्या भरात मी तशीच चहाचा ग्लास उचलला. तुम्ही माझ्या हातावर फटका मारलात, चहा सगळा सांडला. "शिशाचे हात न धुता चहा पितेस? सत्तावीस वर्षं शिशात राहून जगलो तो साबणामुळं." तिशीतल्या बाईला वेल्डरसमोर फटका. 

शेठ आले तेव्हा तुम्ही शिशाच्या पेटीला बाहेरून खडूचं पाणी फासून, आत रॉकेल भरून समोर स्टुलावर बसला होतात. सुईएवढं भोक असलं तरी पांढऱ्यावर काळपट डाग उमटणार होता. मी हे शेठना समजावलं, तर तेही खुर्ची ओढून बसले. दीड तास आम्ही तिघं एका पांढऱ्या डब्याकडे बघत होतो. डाग आला नाही. शेठनी सांध्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "किसका हाथ है?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मुलीनं केली. मी नुसता बसलो होतो." आणि मी गप्प राहिले. त्या सांध्यातला एकही थेंब माझा नव्हता.

त्या पेटीच्या नावावर पुढं माझ्याकडे जुन्या गाड्या येऊ लागल्या. ज्योत धरायला तुम्ही मला शिकवलंत ते त्यानंतर, आणि मला ती नीट धरता येऊ लागली त्याच वर्षी गेलात. आज कल्याणपासून कर्जतपर्यंत कुणाच्या जुन्या गाडीची पेटी सडली की माझा नंबर शोधतात. माझी शिशाची एकही पेटी परत आलेली नाही, हे मी ताठ मानेनं सांगते.

परवा शेठचा मुलगा गाडी घेऊन आला. शेठही आता नाहीत. त्याला नुसती नवी बॅटरी टाकायची होती. मी जुनी उचलून बाहेर काढली. आत सगळं राखाडी, कोरडं, खवले जसेच्या तसे. तो म्हणाला, "पप्पा बोलते थे, मॅडमनं स्वतः बनवली." मी म्हटलं, "माझी नाही. माझ्या वडिलांनी केलीय. एमआयडीसीत शिशाचं काम करायचे." त्यानं वाकून पुन्हा एकदा नीट बघितलं, फोटो काढले.

हा कागद वॉरंटी कार्डांच्या ड्रॉवरमध्येच राहणार आहे, तेव्हा एक गोष्ट लिहायला हरकत नाही. बॅटरी वर उचलताना मला वाटत होतं, एखादा तरी सांधा सुटलेला असू दे. मी गाडीचं वाईट चिंतत नव्हते. तुमच्या थेंबांशेजारी माझा एक थेंब बसला असता, एवढंच. पण तुम्ही तेवढी जागा ठेवली नव्हतीत.