ह्यांची शिक्षा

मंगळवार, ४ मार्च

खून! जज सरळ खून म्हणाले. चूक नाही, हलगर्जी नाही — खून. तिघांनी मिळून.

साहेबांचं समजू शकते. त्यांचा हात सैल, हे अख्ख्या पोलीस ठाण्याला ठाऊक. पण हे? त्या रंगाऱ्याला चोरीच्या संशयावरून धरून आणलं, सकाळी तो कोठडीत मेलेला सापडला — तेव्हा हे आतल्या खोलीत गेलेच नव्हते. बाहेरच्या टेबलावर फोन घेत बसले होते. पहिल्या दिवसापासून एकच सांगताहेत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. खोटं बोलणारा माणूस कधीतरी अडखळतो की नाही?

ह्यांना तिथूनच आत नेलं. माझ्या हातात पट्टा आणि घड्याळ दिलं. झालं!

बुधवार, ५ मार्च

चष्म्याच्या दुकानात गेले. मालक म्हणाले, "थोडे दिवस काउंटरवर नका बसू. मागे फ्रेमा पुसा." गिऱ्हाइकं ओळखतात म्हणे. मी कुणाचा जीव घेतलाय?

पुसल्या. एक मोडली. मुद्दाम.

क्वार्टर्समध्ये तर सगळ्यांना एकदम घाई असते. कालपर्यंत वहिनी वहिनी करणाऱ्या बायका जिन्यात दिसल्या की दार लोटून घेतात.

शुक्रवार, ७ मार्च

आज शिक्षेवर सुनावणी. साहेबांनी भाषणच ठोकलं — इतकी नोकरी, इतकी पदकं, आणि मधुमेह. मधुमेह! रंगाऱ्याला तुडवताना नाही आठवली साखर!

हे एवढंच म्हणाले, "मुलगी लहान आहे." जजनी मान खाली घालून लिहून घेतलं. सरकारी वकील घड्याळ बघत होता. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

बाहेर एकच बाक. रंगाऱ्याची आई येऊन बसली, माझ्याच शेजारी. मी बोलायचं नाही ठरवलं होतं. तोंड ऐकेल तर ना! म्हटलं, "झालं समाधान? आमचं घर उठवलंत!"

ती चिडली नाही. म्हणाली, "बाई, शिक्षा काय व्हायची ती होईल. तो शेवटी काय बोलला, एवढंच मला हवंय. तिघांतला एकही सांगत नाही. तुम्ही विचाराल का तुमच्या माणसाला?"

हिंमत बघा! ह्यांना विचारू? म्हणजे हे तिथे होते, हे मी कबूल करू? ताडकन उठले.

सोमवार, १० मार्च

जन्मठेप. तिघांनाही सारखीच. मारणाऱ्याला तीच, फोन घेणाऱ्याला तीच!

सासूबाई म्हणतात, "रडून घे एकदाची." रडू येत नाही. दात इतके आवळलेत की जबडा दुखतोय. चिमणीला अजून सांगितलेलं नाही. तिनं ह्यांचं ताट वाढायला घेतलं, तेव्हा ओरडले तिच्यावर. मग ती रडली.

गुरुवार, १३ मार्च

वकिलाचा फोनच लागत नाही. फी घेताना बरा लागायचा!

मंगळवार, १८ मार्च

ती बाई डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना, फ्रेमा पुसताना — "तुम्ही विचाराल का?" जळो!

ठरलं. शनिवारी भेट आहे. विचारणारच. हे म्हणतील, मी बाहेर होतो, मला काय माहीत. मग जाईन तिच्या दारात आणि सांगेन तोंडावर — ऐकलंत? निरपराध माणूस आत घातलात! मग तरी कळेल तिला, माझ्यावर काय गुदरलंय ते.

शनिवार, २२ मार्च

भेटले. जाळीपलीकडे होता. गाल जरा बसलेत. जाड मोजे हवेत म्हणाला, फरशी गार लागते. हो म्हटलं. मग विचारलं — रंगारी शेवटी काय बोलला?

नखं बघत म्हणाला, "काय बोलणार? पाणी मागत होता. सगळेच मागतात."