कुलदीपचा चेहरा, सकाळी सात ते नऊ

१२ जानेवारी २०२५, रविवार

साक्षी आली होती. कुलदीपची पोरगी. दारात चप्पल काढून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, बाबाचं एक चित्र काढून द्याल का? ते म्हणतात, काढलं तर नागसेननंच काढावं."

मी ज्यूस सेंटरचा बोर्ड रंगवत होतो. मोसंबीला पिवळा देत होतो. ब्रश हातातून पडला असता!

कुलदीपला पुरस्कार मिळणार आहे. कुठल्याशा संस्थेचा, आदर्श कलाशिक्षक म्हणून. तेवीस फेब्रुवारीला इथेच, अहेरीत. त्या दिवशी स्टेजवर त्याच्या चित्रावरचा पडदा सरकवायचा, अशी पोरीची हौस.

आतून बायको, नंदिनी, बाहेर आली, हात पुसत. "यायले येळ नाई, बाई. बोर्डाचं काम लय आहे."

मी म्हटलं, "आहे वेळ. काढतो. पैसे नकोत."

साक्षी पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले.

१३ जानेवारी

लिहून ठेवतो. रागात माणूस विसरत नाही, पण क्रम चुकतो.

मी चित्र काढतो ते उघड्यावर बसून. आठवणीतून नाही, फोटोवरून नाही. एटापल्ली रस्त्यावर एक डोंगर आहे, त्याच्यासमोर मोहाच्या झाडाखाली माझी जागा होती. जागा एक, डोंगर एक, फक्त उजेड बदलायचा. सकाळी पावणेसातला डोंगर जांभळा. साडेआठला त्याच्यावर पिवळं सुटतं. दुपारी तो नुसता तापतो, रंगच सोडून देतो. संध्याकाळी पाचला असा लाल की शेजारचं हिरवं ओरडतं! उजेड वीस मिनिटं थांबतो, म्हणून ब्रश भराभर, तुकड्या-तुकड्यांनी मारायचा. जवळून पाहा — डाग. दहा पावलं मागे जा — डोंगर. प्रत्येक कॅनव्हासच्या मागे वेळ लिहायचो. सात वर्षांत एकतीस कॅनव्हास झाले.

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, पोलीस ठाण्यात कोणीतरी अर्ज टाकला. निनावी. नक्षल्यांचा माणूस समजून मला उचललं. अकरा दिवस. एकच प्रश्न — "हाच डोंगर काऊन? हीच वेळ काऊन? कोणासाठी काढतो?" मी उजेड सांगत होतो. साहेब माझ्याकडे बघत होता, जसं वेड्याकडे बघतात. शेवटी काही सापडलं नाही म्हणून सोडलं. तोपर्यंत शाळेने काढून टाकलं होतं — शाळेच्या नावाचा प्रश्न आहे म्हणे. ड्रॉइंग मास्तरच्या माझ्या खुर्चीवर दोन महिन्यांत कुलदीप बसला. कॅनव्हास वर्षभराने परत मिळाले. वाळवी लागलेले. एकतीसातला एकही धड नाही.

वकिलाने अर्जाची झेरॉक्स काढून दिली. टाइप केलेली. पाठ आहे मला. "सदर इसम दररोज ठराविक वेळी ठराविक ठिकाणी बसून डोंगर व रस्त्याचे नकाशे काढतो. प्रत्येक नकाशाचे मागे वेळ लिहितो. तरी त्यास समज देऊन जंगलात जाण्यास बंदी करावी."

मागे वेळ लिहितो! हे बाहेरच्या कोणाला माहीत होतं? माझे कॅनव्हास उलटून पाहणारा चित्रकार एकच. कुलदीप.

१५ जानेवारी

निळ्याची ट्यूब दगड झाली आहे. तीन वर्षं हात लावला नव्हता.

१८ जानेवारी

चंद्रपूरला जाऊन आलो. निळा, पांढरा, दोन पिवळे, लाल, टर्पेंटाइन, ताणलेला कॅनव्हास. दुकानदाराने ओळखलं नाही. बरं झालं.

एसटीत सगळं ठरलं. चेहरा असा काढायचा की पडदा सरकला की लोकांनी गप्प व्हावं. शिव्या देणारं चित्र नाही, ते कोणीही काढेल. खरं चित्र. त्याच्या आत जे आहे ते बाहेर यावं. मग माइक घ्यायचा आणि अर्ज वाचायचा. एवढंच. हात उचलायचा नाही, आवाज चढवायचा नाही.

कॉलेजात असताना हाच कुलदीप माझ्या चित्रासमोर उभा राहून म्हणायचा, "नागसेन, भिंतीले पोपडे आल्यावानी वाटते रे." सगळे हसायचे. मीही हसायचो. त्याचं काम गुळगुळीत, फोटोसारखं, नाकावर घामही नाही. सावली काळी करायचा. उन्हात सावली काळी नसते हे मी त्याला शंभर वेळा सांगितलं — निळी असते, जांभळी असते, कधी हिरवी. "मले तर काळीच दिसते," म्हणायचा.

दिसेल. तेवीसला दिसेल.

२० जानेवारी

पहिली बैठक. त्याच्या अंगणात, सकाळी सात ते नऊ. प्राणहितेवरून धुकं येत होतं. मी त्याला पूर्वेकडे तोंड करून बसवला, म्हणजे उजेड थेट तोंडावर. लपायला जागा नको.

तो म्हणाला, "लय दिवसांनी इझल पाहून राह्यलो तुयं."

मी पॅलेटवर पांढरा काढला.

"जंगलात जातेस का आता?"

"तूच सांग, जाऊ देतात का?"

त्याने खाली पाहिलं. चोर! मी मनात टिपून घेतलं — पापणी अशी पडते.

२४ जानेवारी

तिसरी बैठक. म्हातारा झाला आहे. कानाजवळ केस पांढरे, गालाच्या हाडाखाली खड्डा. त्या खड्ड्यात हिरवट सावली बसते, आणि कपाळावर साडेसातला नारंगी पट्टा येतो. तीन वर्षांनी हात चालला. लाज वाटते, पण लिहितो — मजा आली.

"असा काऊन पाहतेस रे माह्याकडं? खाशील का मले?"

"चित्र असंच काढतात."

साक्षी चहा घेऊन आली, दोन डाग पाहून म्हणाली, "काका, हे बाबाच आहेत!" अजून नाकसुद्धा नव्हतं.

३० जानेवारी

आज त्याने स्वतःहून काढलं. "ती नोकरी मी मागायले गेलो नव्हतो, नागसेन. त्यायनं बोलावलं. साक्षीचं शिक्षण होतं. पण तुले येऊन सांगाले पाह्यजे होतं मी. आलो नाई. भेलो."

"आणखी काही सांगायचं आहे?"

त्याने नदीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "नाई."

संधी दिली होती मी. आता माझ्यावर बोल नाही.

२ फेब्रुवारी

चित्र पूर्ण झालं आणि मी हरलो!

दहा पावलं मागे गेलो, पाहिलं. कॅनव्हासवर एक थकलेला, भला माणूस बसला आहे. डोळ्यांत काहीतरी सांभाळून ठेवलेलं. कपट कुठेच नाही. मी दोन-दोन तास शोधलं होतं त्याच्या तोंडावर, एकेका रेषेत. जे दिसलं तेच हाताने मांडलं, आणि हे निघालं.

म्हणजे तो चेहऱ्यानेही खोटं बोलतो. इतका मुरलेला.

घरी आणलं. पॅलेट नाइफ घेतली आणि डोळे, तोंड, सगळं खरवडलं. नंदिनी अंगणवाडीतून आली, दारात थबकली.

"बरा आल्ता ना चेहरा. काऊन खरवडला?"

"खोटा होता."

तिने सूप ओढलं. तांदूळ निवडायला बसली.

५ फेब्रुवारी

कुलदीपला ताप. बैठक नाही. मरू नको रे बाबा. तेवीसपर्यंत तरी नको.

९ फेब्रुवारी

आता तो समोर नको. घरीच काढतो, दार लावून. डोळे बारीक केले. ओठाचा डावा कोपरा वर ओढला. पापणी तशीच पाडली, पहिल्या दिवशी पडली होती तशी. सावलीत जांभळा टाकला, पुरेना. बोर्डाच्या कामाची काळ्याची डबी उघडली.

माझ्या चित्रात पहिल्यांदा काळा. शोभतो त्याला.

१६ फेब्रुवारी

नंदिनीला कळलं. झेरॉक्स माझ्या नव्या शर्टाच्या खिशात घडी करून ठेवली होती, तिला सापडली.

"तिथं वाचनार आहे का तुमी हे?"

"हो."

"नका वाचू. हात जोडते. त्या मानसानं काई केलं नाई तुमचं."

"तुला काय माहीत?"

"तीन वर्षं झाले. मले या घरात श्वास घेता येत नाई. सोडून द्या ना आता!"

मी म्हटलं, अकरा दिवस मी आत होतो, तू नाही. तुझं काय गेलं? ती रडायला लागली. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. समोर पळस फुलला आहे. रंग पाहण्याची इच्छा झाली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

झालं! जसं ठरवलं तसं.

मंगल कार्यालय भरलेलं. पहिल्या ओळीत शाळेचे संस्थाचालक, तेच, ज्यांनी मला पाठवलेल्या पत्रात माझं नावसुद्धा चुकीचं लिहिलं होतं. नंदिनी आली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

साक्षीने पडदा सरकवला. टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच बसल्या. हीच शांतता मी दीड महिना मनात ऐकत होतो. कोणीतरी मागून म्हणालं, "हे काय काढलं?" साक्षीचा हात पडद्याच्या दोरीवरच राहिला.

मी माइक घेतला. आवाज कापला नाही. म्हटलं, "चित्रकार जे पाहतो ते काढतो. मी काय पाहिलं ते वाचून दाखवतो." अर्ज वाचला, सावकाश, पूर्ण. मग म्हटलं, "कॅनव्हासच्या मागे वेळ लिहितो हे ज्याला माहीत होतं, तो माझ्या खुर्चीवर बसला आहे. आज तुम्ही त्याला शाल देताय."

मी कागदाची घडी घातली.

कुलदीप उठला. शाल खांद्यावर तशीच, एक टोक जमिनीवर लोळत. वाटलं, ओरडेल, मारेल. नाकारेल तरी! नाही. त्याने चित्राकडे पाहिलं, खूप वेळ, चित्रकार पाहतो तसं. मग माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "घरी जाय, नागसेन. नंदिनीबाई एकट्या असतील."

एवढंच. नाही म्हणाला नाही. शेकडो लोकांसमोर नाही म्हणाला नाही!

आणखी काय पुरावा पाहिजे?

२४ फेब्रुवारी

बाजारात दोघांनी हात मिळवला. एकजण म्हणाला, "सर, बरं केलं." तीन वर्षांत कोणी सर म्हटलं नव्हतं. जिलेबी घेतली. नंदिनीने खाल्ली नाही. मी दोन्ही वाटे खाल्ले.

२६ फेब्रुवारी

कुलदीपने शाळेचा राजीनामा दिला. कोणी मागण्याआधीच. साक्षीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, ते थांबलं म्हणतात. त्या पोरीचं मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. माझं नाव गेलं तेव्हा कोणाला वाटलं होतं?

दुपारी दारात चित्र ठेवलेलं सापडलं, भिंतीकडे तोंड करून. चिठ्ठी नाही. मी सरळ केलं आणि मुद्दाम ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून लावलं. येणारे-जाणारे बघू देत.

२८ फेब्रुवारी

तो गाव सोडतो आहे. आलापल्लीला भावाकडे. सामान टेम्पोत चढताना मी पलीकडच्या पानठेल्यावर उभा होतो, मुद्दाम. त्याने पाहिलं, हात वर केला. निरोप देतात तसा.

मी हात खिशातच ठेवला. पुरलं नाही अजून. वाटलं होतं, आज पुरेल.

२ मार्च

नंदिनी सकाळी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "तो अर्ज मीनं टाकला." त्या महिन्यात एटापल्ली रस्त्यावर दोन माणसं मारली गेली होती. मी ऐकत नव्हतो. साहेब समज देतील, जंगलात जाणं बंद होईल, मी जिवंत राहीन, एवढंच तिला वाटलं. आधी ती कुलदीपकडे गेली होती, लिहून द्या म्हणून. तो नाही म्हणाला, मग तिने बाहेरून टाइप करून घेतला. मी आत गेल्यावर तिने त्याच्या घरी जाऊन कबूल केलं, पाय धरले, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, त्याले कधीच सांगू नका. तो जगनार नाई."

मी अजून मान वर करून तिच्याकडे पाहिलेलं नाही.