पहाटेची चादर

बाबा,

मी कामावर निघालेय. पहाटे अर्धवट झोपेत खिडकीतून पाहिलं, तर धुक्यात तुमची धुतलेली चादर शिडासारखी फुगली होती. वाटलं, आपलं घरच हळूहळू कुठेतरी निघालंय.

आता ते "चहा सांडला" पुरे झालं. बाळंतपणानंतर माझाही शौचावर ताबा राहत नव्हता. मीही अशाच चोरून चादरी धुवायचे. तुम्ही हसून म्हणायचात, "सूनबाईला धुण्याचा भारी छंद!" शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासलं, स्नायूंचे व्यायाम शिकवले, खाणंपिणं बदललं, आणि छंद सुटला.

संध्याकाळी त्यांच्याकडेच जायचंय. तेव्हा मी एकटी गेले होते. तुम्हाला एकटं पाठवणार नाही. तुमची जादा पँट माझ्या पिशवीत घेतलीय.

— सूनबाई