डाव्या पायाची चार बोटं

आहुपे,
४ डिसेंबर

प्रिय भरतोबा,

फोन असताना ताईला पत्राचं खूळ कुठून सुचलं म्हणून हसशील. हस. पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि आई शेजारच्याच खाटेवर. तिला बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येतं. म्हणून हे एकट्यानेच वाच.

आमचं कंबरदुखीचं संशोधन संपत आलंय. पन्नास बायका, सगळ्या भातलावणीत वाकून कंबर धरलेल्या. निम्म्यांना मी व्यायाम शिकवले, निम्म्यांना फक्त माहितीपत्रक दिलं. आमच्या कागदावर माणसाची पाठमोरी आकृती असते. दुखतं तिथे पेन्सिलीने खूण करायची. तीन महिन्यांनी पुन्हा तोच कागद पुढे केला, तेव्हा माहितीपत्रकवाल्या सहाजणींनी दुखणं गेल्याचं सांगितलं आणि कमरेवर चार-चार ठिपके काढले. सहाही कागदांवर अगदी एकाच जागी.

मला वाटलं, माझी फिरकी घेतायत. त्यांतल्या साळुबाईंना खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, "सकाळची चूल फुकीत व्हते बाई. मागून कुनीतरी पाय लावला. लई गार. मागं बघायचं नसतं, म्हून बघितलं न्हाई. पर बोटं चारच व्हती."

आईच्या डाव्या पायाचं धाकटं बोट भात कापताना विळ्याने गेलं, हे इथे कोणाला माहीत असणार? मी इथे तिचं नावही काढलेलं नाही. काढायला मला तोंड कुठे आहे?

आठवतं ना, घाटघरला आपल्या ओट्यावर उसण भरलेली माणसं पालथी पडायची. आई पायाळू, जन्मताना पाय आधी आलेले, म्हणून तिचा डावा पाय तीनदा कमरेला लागला की माणूस उठून चालायला लागायचा. ओटा उतरेपर्यंत मागे वळून बघायचं नाही, एवढाच नेम. मी फिजिओथेरपीची डिग्री घेऊन आले आणि भरल्या ओट्यावर तिच्यावर ओरडले, की लाथा मारून लोकांची कंबर मोडशील, माझी लाज काढू नकोस. तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. पुन्हा तो कोणालाच लावला नाही, आणि वर्षाच्या आत नेमका तोच पाय लुळा पडला. अर्धांगाचं कारण मला शास्त्राप्रमाणे सांगता येतं. तरी तिचा पाय गेला त्या दिवसापासून माझीही कंबर धरलेली आहे, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

काल सकाळी ओणवी होऊन मी ते सहा कागद पेटीत भरत होते. दार उघडं, अंगणात ऊन. कमरेला गार तळवा टेकला. एकदा. दोनदा. मी बोटं मोजली. खूप भ्यायले रे, पण मागे वळले नाही. तिसऱ्यांदा तो जरा जास्त वेळ टेकून राहिला. आज मी दोन वर्षांनी वाकून बुटाची नाडी बांधली.

आता ज्यासाठी लिहिलं ते सांगते. तू रोज तिचे पाय पुसतोस. पत्र मिळालं की आधी डावा तळवा बघ. दोन वर्षं जमिनीला न लागलेला पाय आहे तो. माती असेल तर पुसू नकोस. नसेल तर मला कळवू नकोस. शनिवारी मी येतेय. ओट्यावर, सगळ्यांसमोर, तिचे पाय मीच धुणार आहे.

तुझीच,
तेजूताई