पोर्ट उतरली असावी

३ मार्च
कंबर दुखते आहे, तरी लिहितो. रिटायरमेंट जूनअखेर. मॅनेजर मॅडम अजून एक्स्टेंशनचं नाव काढत नाहीत. आमच्या कंपनीच्या खोकल्याच्या औषधाची प्रत्येक बॅच बाजारात जाण्याआधी माझ्या जिभेवरून जाते. मॅडम नवीन आहेत, त्यांना याचं महत्त्व अजून कळलं नसावं. चव बघायचं मशीन येणार अशी कुजबुज आहे. येऊ दे. त्याला जीभ कुठून आणणार?
संकल्प : मॅडमना जेवायला बोलवायचं आणि ती बाटली उघडायची.

७ मार्च
हिला सांगितलं. ही 'बरं' म्हणाली. बाटली म्हणजे जुन्या साहेबांनी जाताना दिलेली पोर्ट. गोड, घट्ट वाइन, तेव्हाच वीस वर्षं मुरलेली. म्हणाले होते, हिची किंमत तुमच्याच जिभेला कळेल. तेव्हा मुलगी तिसरीत होती. तिच्या लग्नात उघडणार होतो, पण व्याह्यांची जीभ साधारण वाटली. तेव्हापासून कपाटात चादरींच्या मागे आडवी पडून आहे.

११ मार्च
संत्र्याचं सिरप कडू लागतं अशी दुकानदारांची पुन्हा तक्रार. मॅडमसमोर चमचाभर घेतलं, डोळे मिटले, उत्तम आहे म्हणून सांगितलं. बाहेरचं खाऊन खाऊन लोकांच्या जिभा बिघडल्यात. मॅडमनी ती बाटली स्वतःकडे ठेवून घेतली. पटलं असावं.

१५ मार्च, दुपार
उद्या जेवण. साडूंनाही बोलवावं लागलं. पुढ्यात येईल त्याला छान म्हणणारा माणूस, त्यांच्यावर पोर्ट वायाच जाणार. बोलायचं ते पाठ केलं : आधी सुकं अंजीर, मग अक्रोड, शेवटी जुन्या लाकडाचा वास. जुन्या वाइनला हे बहुधा चालून जातं.

१७ मार्च
काल लिहायचं त्राण नव्हतं. आजही नाही.
बूच काढण्याआधी बाटली खसाखसा हलवली. सिरप हलवल्याशिवाय ओतायचं नाही, हा इतक्या वर्षांचा हात. तळाचा सगळा गाळ वर आला. मॅडम म्हणाल्या, अहो, पोर्ट हलवत नाहीत. हिने चहाची गाळणी आणली, तिच्यात धुतलेला फडका घातला, आणि गाळून दिलं.
पहिला घोट मी घेतला. काहीच नाही. कोमट पाणी, फक्त जरा घट्ट. घशात थोडं चुरचुरलं, एवढंच. यासाठी मी मुलीचं लग्न कोरडं काढलं. फार वाईट वाटलं. तरी पाठ केलेलं बोललो.
बाकीच्यांचा शिष्टाचार मात्र मानला पाहिजे. मॅडमनी डोळे मिटून एकेक घोट घेतला. साडूंनी पुन्हा पुन्हा ग्लास पुढे केला. ही कधी वाइनच्या वाटेला जात नाही, तीसुद्धा अजून थोडी द्या म्हणाली. यजमानाचं मन राखायला माणसं किती पितात.
मॅडमनी विचारलं, लवंग जाणवते का? म्हटलं, स्पष्ट. त्या म्हणाल्या, मला नाही जाणवली. जिभेजिभेत फरक असतो असं मी नम्रपणे सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एक्स्टेंशन झाल्यात जमा आहे.

१९ मार्च
पोर्ट का फसली? गाळणीला चहाचा वास. फडक्याला साबणाचा. हिने सूपमध्ये मिरी जास्त घातली असणार (विचारलं, म्हणाली, घातलीच नव्हती). ग्लास साडूंचे. शिवाय जुने साहेब हात राखूनच द्यायचे. एकूण बाटलीच उतरली असावी.

२२ मार्च
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून या, बायकोला बरोबर न्या म्हणाल्या. एक्स्टेंशनआधी मेडिकल असतंच.

२५ मार्च
डॉक्टरांनी डोळ्यांना पट्टी बांधली, नाकाखाली एकेक बाटली धरली, जिभेवर थेंब टाकले. मी प्रत्येकाचं सविस्तर वर्णन केलं. ते लिहून घेत होते. कदर असलेला माणूस, असं वाटलं. मग पट्टी सोडून म्हणाले, एकही बरोबर नाही. वास गेलाय आणि चवही. मागच्या वर्षी ताप आला होता म्हणता, त्यात गेली असेल. परत येईलच असं सांगता येत नाही.
मी म्हटलं, तुमच्या मशीनमध्ये बिघाड असेल. मशीन नव्हतंच.
त्यांनी हिला विचारलं, घरी काही जाणवलं नाही का? ही म्हणाली, आधी मीठ जरा कमीजास्त झालं की हे ताट सरकवायचे. वर्षभर जेवणाला नावं ठेवली नाहीत. मला वाटलं, सुधारले. वर्ष फार बरं गेलं.


२८ मार्च
एक्स्टेंशन नाही. चव बघण्याचं कामही काढून घेतलं. जूनपर्यंत पॅकिंगला बसायचं, लेबलं सरळ चिकटलीत का बघायचं. संत्र्याचं सिरप दुकानांतून परत मागवताहेत. मॅडम वाईट बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, इतकी सुंदर पोर्ट आयुष्यात प्यायले नव्हते. मी आभार मानले. मलाच काय ती मिळाली नाही.
हिने जेवायला वाढलं आणि समोर बसून राहिली. दोन घास खाल्ले. मग म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे. ही म्हणाली, जास्त पडलंय. बरं, जास्त पडलंय, असं म्हणून मी ताट थोडं सरकवलं. हिने ते परत पुढे ओढलं. सगळं जेवलो.